बारशाला वाजवणारा माणूस

गिटार शिकायला घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला दुसऱ्या महिन्यात एक गाणं येतं. जॉन डेन्व्हरचं ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’. चार कॉर्ड बोटांत बसले की गाणं बसलं. होस्टेलच्या गच्चीवर, राजमाचीच्या ट्रेकला शेकोटीभोवती, कुणाच्या तरी लग्नाच्या आदल्या रात्री, मी ते इतक्या वेळा ऐकलंय आणि इतक्या वेळा बेसूर गायलंय, की वेस्ट व्हर्जिनिया नकाशावर कुठे आहे हे शोधायच्या आधीच मला तिथल्या घराची आठवण यायला लागली होती. पुढे कळलं की यात आपण एकटे नाही. बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट या जोडीने डेन्व्हरबरोबर हे गाणं पुरं केलं, आणि त्यांना ते सुचायला लागलं ते मेरीलँडमधल्या एका रस्त्यावर. म्हणजे गावाकडची ओढ लागलेल्या या गाण्याला गाव मुळात उसनंच होतं. तरी २०१४ साली वेस्ट व्हर्जिनियाने ते आपल्या अधिकृत राज्यगीतांमध्ये घेतलं.

आता याच डेन्व्हरचा एक किस्सा. ऑक्टोबर १९७५, नॅशव्हिल. कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कारांची रात्र, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. वर्षातल्या सर्वोत्तम कलाकाराचं नाव जाहीर करायला गेल्या वर्षीचा विजेता चार्ली रिच मंचावर आला. त्याने पाकीट फोडलं, नाव वाचलं, खिशातून लायटर काढला आणि कागदाचं टोक पेटवलं. कागद जळत असताना त्याने विजेत्याचं नाव सांगितलं: जॉन डेन्व्हर. डेन्व्हर तिथे नव्हता, उपग्रहामार्फत जोडलेला होता, आणि त्याने हसून आभार मानले.

हा प्रसंग कंट्री संगीताच्या इतिहासात ‘शुद्धतेचं बंड’ म्हणून सांगितला जातो. पॉपवाले आमच्या अंगणात घुसले, मग आमच्या माणसाने त्यांचं आमंत्रण जाळलं, असा सूर असतो. रिचच्या मुलाने नंतर सांगितलं की तसं काही नव्हतं. वडिलांनी औषधं घेतली होती, वर दारू झाली होती आणि त्यांना तो एक विनोद वाटला. खरं काय असेल ते असो. मला त्यातली वेगळीच गोष्ट खुपते. चार्ली रिच हा आर्कान्सामधल्या शेतावर वाढलेला माणूस. पियानोवर ब्लूज वाजवायला त्याला शिकवलं ते त्या शेतावर राबणाऱ्या एका काळ्या माणसाने. रिचचं मन आयुष्यभर जॅझमध्ये होतं. आणि लोक त्याला द्वारपाल समजत होते!

कंट्रीचं दार आणि त्या दारावरचा पहारा हा विषय गेल्या काही वर्षांत पुन्हा तापलाय, तो लिल नास एक्समुळे आणि बियॉन्सेमुळे. त्यावर जे लिहिलं जातं त्यात एक शब्द हमखास असतो: प्रवेश. काळ्या कलाकारांचा कंट्रीत ‘प्रवेश’. सहानुभूतीने लिहिणारेही हाच शब्द वापरतात. मला तो शब्दच चूक वाटतो. कारण ज्या रात्री या संगीताच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठाचं बारसं झालं, त्या रात्री माइकसमोर जो माणूस वाजवत होता, तो काळा होता.

त्याचं नाव डीफर्ड बेली.

नॅशव्हिलमध्ये डब्ल्यूएसएम नावाचं रेडिओ स्टेशन होतं. मालक एक विमा कंपनी. स्टेशनच्या नावातली तीन अक्षरंसुद्धा कंपनीच्या घोषवाक्याची: आम्ही लाखोंना सुरक्षित ठेवतो, अशा अर्थाची. खेड्यापाड्यांत विमा विकायचा तर खेड्यापाड्यांना आवडेल असं काही ऐकवायला हवं, म्हणून १९२५ च्या नोव्हेंबरपासून तिथे शनिवारी रात्री फिडल, बँजो, गाणी असा कार्यक्रम सुरू झाला. सूत्रधार होता जॉर्ज हे. वय तिशीच्या आतबाहेर, पण स्वतःला ‘गंभीर म्हातारा जज’ म्हणवून घ्यायचा. ‘साधं, मातीतलं, खरं’ या ब्रँडचा पहिला मोठा विक्रेता स्वतःच एक सोंग घेऊन उभा होता, हे लक्षात ठेवा.

बारशाची हकीकत मुख्यतः या हेच्याच आठवणीवर उभी आहे. तो सांगतो ती अशी. डिसेंबर १९२७. त्यांच्या आधी राष्ट्रीय नेटवर्कवरून वॉल्टर डॅमरॉश या वाद्यवृंद-संचालकाचा अभिजात संगीताचा कार्यक्रम लागायचा. त्या रात्री डॅमरॉश म्हणाले की अभिजात संगीतात हुबेहूब वास्तवाला जागा नसते, पण आज अपवाद करू या. आणि त्यांनी आगगाडीची नक्कल करणारी एक वाद्यवृंदाची रचना ऐकवली. त्यानंतर हेची पाळी. तो म्हणाला, पुढचे तीन तास आमच्याकडे फक्त वास्तवच आहे. आणि त्याने बेलीला पुढे बोलावलं. बेलीने माउथ ऑर्गनवर ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ वाजवलं. तीही आगगाडीच. ते संपल्यावर हे म्हणाला की इतका वेळ तुम्ही ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता यापुढे ऐका ‘ग्रँड ओल ऑप्री’. ऑपेराचा गावरान उच्चार. नाव चिकटलं. तो कार्यक्रम आजही चालू आहे.

बेलीची ती तीन मिनिटांची रेकॉर्ड १९२७ सालीच न्यू यॉर्कमध्ये झाली. ती फोनवर सहज सापडते. हेडफोन लावून ऐका, स्पीकरवर नको. सुरुवातीला गाडी उभी आहे. खालच्या सुरांवर जड, संथ श्वास. मग ठेका धरला जातो आणि हळूहळू, इतका हळू की तुम्हाला कळतही नाही, वेग वाढतो. ठेका चालू असतानाच वर शिट्टी वाजते, आणि ती शिट्टी सरळ नसते, वाकते, घसरते, लांबून ऐकू येणाऱ्या शिट्टीसारखी हेलकावते. तुम्ही दोन वादक शोधायला लागता. एकच आहे. साथीला कुणी नाही. एका माणसाचं तोंड, त्याचे हात आणि तळहातात मावणारं वाद्य.

याला नक्कल म्हणून सोडून देणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. नकलेत ऐकणारा ओळखतो आणि हसतो. एकदा ओळख पटली की काम संपलं. इथे ओळख पटल्यावर काम सुरू होतं. तीच गाडी पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटते, कारण बेली गाडीचा आवाज काढत नाही, गाडी ऐकणाऱ्या माणसाचा कान वाजवतो. त्याने म्हातारपणी सांगितलं होतं की लहानपणी शाळेत जाताना तो रेल्वेच्या पुलाखाली जाऊन डोळे झाकून उभा राहायचा, वरून गाडी जाऊ द्यायचा आणि मग तो आवाज वाजवत वाजवत शाळेत जायचा.

जन्म १८९९, टेनेसीतलं खेडं. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, बराच काळ अंथरुणावर गेला, आणि त्या काळात हातात आलं ते माउथ ऑर्गन. उंची पुढे पाच फुटांपर्यंतही गेली नाही. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले, आणि पंचक्रोशीत नावाजलेले फिडलवादक. आपल्या घरात वाजायचं त्या संगीताला बेली ‘काळ्यांचं हिलबिली संगीत’ म्हणायचा. हिलबिली म्हणजे डोंगराळ भागातला अडाणी गोरा माणूस, अशी ज्या शब्दाची पक्की व्याख्या, त्याच्या आधी त्याने सहजपणे ‘काळ्यांचं’ हे विशेषण लावलं. त्याला त्यात विसंगती दिसत नव्हती, कारण तो शब्द दुकानात जाण्याआधीचं गाव त्याने पाहिलं होतं.

दुकानाची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. १९२० साली मॅमी स्मिथची ब्लूजची रेकॉर्ड तुफान खपली आणि कंपन्यांना कळलं की काळे लोकही रेकॉर्ड विकत घेतात. १९२३ मध्ये अटलांटाच्या फिडलिन जॉन कार्सनची रेकॉर्ड खपली आणि कळलं की दक्षिणेतले गरीब गोरेही घेतात. या दोन्ही धंद्यांच्या मुळाशी राल्फ पीअर हा एकच माणूस सापडतो. कॅटलॉग मात्र दोन झाले. काळ्यांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’, गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’. गावातल्या नाचाला दोन्हीकडचे लोक तीच सुरावट वाजवत असत, पण रेकॉर्डवर वाजवणाऱ्याचा रंग बघून कप्पा ठरायला लागला. काळ्या वादकाने फिडलवर जुनी नाचाची धून वाजवली तर ती कुठल्या कप्प्यात घालायची? सोपा उपाय म्हणजे ती रेकॉर्डच न करणं. मग पुढच्या पिढ्यांनी रेकॉर्ड चाळल्या आणि निष्कर्ष काढला की काळे लोक असलं काही वाजवतच नव्हते.

१९२७ च्या उन्हाळ्यात याच पीअरने ब्रिस्टल गावात मुक्काम ठोकून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांना पहिल्यांदा रेकॉर्ड केलं. कंट्रीची सुरुवात तिथून मोजतात. ए. पी. कार्टर नंतर डोंगरांतून गाणी गोळा करत हिंडला तेव्हा त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक असायचा. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात पाय गमावलेला. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा, रिडल चाल डोक्यात साठवायचा. त्या कुटुंबाचा टेपरेकॉर्डरच तो, फक्त रेकॉर्डवर त्याचं नाव नाही. जिमी रॉजर्सने १९३० साली ‘ब्लू योडेल नंबर ९’ रेकॉर्ड केलं तेव्हा ट्रम्पेट वाजवत होता लुई आर्मस्ट्राँग. लेबलवर त्याचंही नाव नाही. त्याच आर्मस्ट्राँगने १९७० साली जॉनी कॅशच्या टीव्ही शोमध्ये येऊन ते गाणं पुन्हा वाजवलं; चाळीस वर्षं उशिरा छापलेली श्रेयनामावली समजा.

बेलीचं वेगळेपण असं की तो पडद्यामागे नव्हता. तो ऑप्रीचा पहिल्या फळीतला स्टार होता. १९२८ साली त्याच्याइतक्या वेळा त्या कार्यक्रमात दुसरं कुणी वाजवलं नाही. रेडिओवर रंग दिसत नाही, त्यामुळे हजारो श्रोत्यांना तो काळा आहे हे माहीतच नव्हतं. दौऱ्यावर गेल्यावर मात्र दिसायचं. रॉय एकफ, बिल मन्रो असे पुढे प्रचंड मोठे झालेले लोक तेव्हा नवखे होते. बेलीच्या नावावर गर्दी जमायची आणि त्यांना ऐकून घ्यायची. रात्री मुक्कामाला ते हॉटेलात आणि बेली गावात कुठे खोली मिळेल ते शोधत. अंकल डेव्ह मेकन हा बुजुर्ग बँजोवाला कधी कधी त्याला ‘हा माझा नोकर आहे’ असं सांगून आपल्या खोलीत घ्यायचा. यात मेकनचा चांगुलपणा होता हे खरंच. पण कार्यक्रमाच्या स्टारला गादी मिळावी म्हणून नोकर व्हावं लागतं, हे त्या चांगुलपणाचं व्याकरण होतं.

१९४१ साली ऑप्रीने त्याला काढून टाकलं. वरवर कारण तांत्रिक. गाण्यांच्या हक्कांची वसुली करणारी अ‍ॅस्कॅप ही जुनी संस्था आणि रेडिओ कंपन्या यांच्यात पैशांवरून भांडण पेटलं, रेडिओवाल्यांनी बीएमआय नावाची स्वतःची संस्था काढली आणि अ‍ॅस्कॅपकडची गाणी वाजवणं बंद केलं. बेलीच्या गाजलेल्या धुना त्या बंदीत सापडल्या. नवीन काहीतरी वाजव, असं त्याला सांगण्यात आलं. ज्या धुनांसाठी लोक शनिवारी रेडिओ लावत, त्याच वाजवायच्या नाहीत. भांडण काही महिन्यांत मिटलं. बेली परत आला नाही.

इथवर एखादा म्हणेल, धंदा आहे, होतं असं. पण हेने १९४५ साली ऑप्रीचा इतिहास सांगणारी पुस्तिका लिहिली, त्यात बेलीबद्दल एक परिच्छेद आहे. तिथे चाळिशी ओलांडलेला बेली ‘पोरगा’ आहे, कार्यक्रमाचा ‘मॅस्कॉट’ आहे आणि आळशी आहे. डझनभर धुना येत होत्या, आणखी शिकायला तयार नव्हता, म्हणून जावं लागलं, असं हे लिहितो. हक्कांच्या भांडणाचा भाग बाजूला पडला, माणसाचा स्वभाव, आणि त्याची जात म्हणू या आपल्या भाषेत, पुढे आली. बारसं करणाऱ्यानेच वाजवणाऱ्याला पुसून टाकलं. मला हा परिच्छेद हकालपट्टीपेक्षा वाईट वाटतो. हकालपट्टीने नोकरी गेली, परिच्छेदाने कारण बदललं.

बेलीने नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचं दुकान चालवलं. तीसेक वर्षं. त्याच शहरात, जिथे ऑप्री दर शनिवारी चालू होती.

त्यानंतरच्या प्रसंगांकडे मी या दुकानातून बघतो. १९६२ साली रे चार्ल्सने ‘मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक’ काढला. तो अल्बम १४ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता, डॉन गिब्सनचं एक गाणं त्याने जगभर पोहोचवलं, आणि कंट्रीच्या यादीत मात्र त्याची नोंद नाही. चार्ली प्राइडची पहिली गाणी आरसीएने १९६६ मध्ये त्याचा फोटो न छापता रेडिओवाल्यांना पाठवली. लोकांना आवाज आवडला, मग चेहरा दाखवला. १९७१ मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम कलाकार ठरला, म्हणजे चार्ली रिचने ज्याचा कागद जाळला तोच पुरस्कार. प्राइड हा या कथेतला ‘बघा, आमच्याकडे भेदभाव नाही’ म्हणून दाखवायचा माणूस झाला आणि पुढची अनेक दशकं जवळपास एकटाच राहिला.

२०१९ चं ‘ओल्ड टाउन रोड’ तुम्हाला आठवत असेल. लिल नास एक्सने ३० डॉलरला इंटरनेटवरून बीट विकत घेतलं, त्यावर घोडा, टोपी आणि रस्ता असलेलं गाणं केलं. ते बिलबोर्डच्या कंट्री यादीत आलं आणि काढलं गेलं. आजच्या कंट्रीचे पुरेसे घटक त्यात नाहीत, असं स्पष्टीकरण आलं. नंतर बिली रे सायरस या गोऱ्या कंट्री गायकाला घेऊन रिमिक्स झालं, मुख्य यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं, आणि ते रिमिक्स त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनचा एक पुरस्कारही घेऊन गेलं. गाणं म्हणून मला ते मजेशीर वाटतं, थोर वाटत नाही. पण ‘पुरेसे घटक’ हा शब्दप्रयोग थोर आहे.

कारण घटक मोजायलाच बसलो तर काय उरतं? बँजोचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले, गुलामांबरोबर आलेले. फिडल स्कॉटलंड-आयर्लंडची. योडेलिंग आल्प्सचं. स्टील गिटार हवाईची. त्या चमचमत्या काउबॉय सूटांचा सर्वांत प्रसिद्ध शिंपी नूडी कोन कीव्हमध्ये जन्मलेला ज्यू होता. मग कंट्रीला स्वतःचा आवाजच नाही का? आहे, आणि कुणीही तो दोन सेकंदांत ओळखतो. गोष्ट सांगणारं गाणं, नाकातून येणारा दुःखी स्वर, शब्दांना जागा देणारी साथ. सीमा असायला माझी हरकत नाही. ख्यालात कुणी रॅप घुसवलं तर मीही कपाळाला आठ्या घालीन. माझी तक्रार एवढीच की इथली सीमा कानाने आखलेली नाही. रे चार्ल्सची कंट्री न ठरलेली गाणी आणि त्याच काळात नॅशव्हिलमध्ये व्हायोलिनांचा ताफा लावून केलेली गोऱ्यांची गाणी एकामागोमाग ऐका, आणि फरक सांगा.

बियॉन्सेच्या २०२४ च्या ‘काउबॉय कार्टर’ने हा सगळा हिशेब जाहीरपणे मांडला. कंट्रीची प्रमुख यादी जिंकणारी ती पहिली काळी स्त्री. असोसिएशनच्या पुरस्कारांत त्या वर्षी तिला एकही नामांकन नाही. आणि नंतर ग्रॅमीत सर्वोत्तम कंट्री अल्बम. मला तो अल्बम पूर्ण आवडत नाही. २७ ट्रॅक आहेत, आणि मध्ये मध्ये तो गाण्यांपेक्षा तळटीपांचा संग्रह वाटतो. ऑप्रीवर गाणारी पहिली काळी एकल गायिका लिंडा मार्टेल तिथे येते आणि संगीतप्रकारांच्या चौकटींवर बोलते. बोलण्याऐवजी तिला एक अख्खं गाणं द्यायला हवं होतं. तरी ‘टेक्सस होल्ड एम’ची सुरुवात ज्या बँजोने होते, तो वाजवणारी ऱ्हायनन गिडन्स आहे, आणि ती जागा मी पुन्हा पुन्हा ऐकतो. गिडन्सने आणि तिच्या साथीदारांनी नॉर्थ कॅरोलिनात जाऊन जो थॉम्पसन या म्हाताऱ्या काळ्या फिडलवादकाकडून त्याच्या घराण्याच्या धुना शिकून घेतल्या होत्या. त्यांच्या ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ या गटाला ग्रॅमी मिळाली तीही कंट्रीची नाही, पारंपरिक लोकसंगीताची. जुन्या वस्तूला संग्रहालय मिळालं, घर नाही.

बेलीला १९७४ साली ऑप्रीने जुन्या कलाकारांच्या कार्यक्रमासाठी बोलावलं. तो सूट आणि हॅट घालून आला आणि वाजवलं. १९८२ साली तो गेला. ज्या गाडीवर त्याने ती धून बांधली ती पॅन अमेरिकन एक्सप्रेस त्याच्या आधीच, १९७१ मध्ये बंद झाली होती. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं २००५ साली.

हा लेख लिहायच्या आधी मी माझ्या फोनवर त्याचं नाव टाकलं. रेकॉर्ड लगेच सापडली. ॲपने तिच्याखाली प्रकार लिहिला होता: ब्लूज. ‘यासारखं आणखी ऐका’ दाबलं तर मिसिसिपीचे गिटारवाले आले, कार्टर कुटुंब आलं नाही. मग मी स्वतःच एक यादी केली. पहिला ‘पॅन अमेरिकन ब्लूज’, दुसरं आर्मस्ट्राँगवालं ‘ब्लू योडेल’, मग रे चार्ल्स, मग चार्ली रिच. ‘कंट्री रोड्स’ शेवटी आहे. पण डेन्व्हरचं नाही, जमैकाच्या टूट्स अँड द मेटल्सनी केलेलं, ज्यात वेस्ट व्हर्जिनियाच्या जागी वेस्ट जमैका येतं.